पोलिसांकडचा कागद मागायचा कसा: आधी नाव, मग नंबर, मग अर्ज

पोलीस ठाण्यात माहिती मागायला गेलेला नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच वाक्यावर परत फिरतो: "माहिती अधिकारात टाका." तो अर्ज टाकतो, तीस दिवस थांबतो आणि उत्तर येतं, "तपास सुरू असल्याने माहिती देता येत नाही." तो कागद बऱ्याचदा माहिती अधिकाराशिवायच मिळणारा असतो. कधी तो ठाण्यात फुकट मिळणारा असतो, कधी न्यायालयातून घ्यायचा असतो, तर कधी आधीपासूनच संकेतस्थळावर असतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी आपल्याला नेमका कोणता कागद हवा आहे आणि तो कायद्याने कोणाकडून मिळतो, हे ठरवायचं. "माझ्या केसचं काय झालं?" हा प्रश्न झाला. प्रश्नाला कोणीही उडवाउडवीचं उत्तर देऊ शकतं. "गु.र.नं. अमुक मधील घटनास्थळ पंचनाम्याची प्रत" म्हटलं की तो कागद आहे की नाही आणि देणार की नाही, एवढंच उरतं.

इथलं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. माहिती अधिकाराचा कायदा देशभर एकच असला तरी फीचे आणि अर्जाच्या नमुन्याचे नियम राज्यागणिक बदलतात.

ठाण्यातल्या कागदांची नावं

गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. बोलताना "सीआर नंबर" म्हणतात. दखलपात्र गुन्हा नोंदला की तो पडतो आणि त्याच्यापुढे वर्ष असतं. पोलिसांनी वॉरंटशिवाय अटक करू नये अशा किरकोळ प्रकारांची नोंद अदखलपात्र म्हणून होते. तिला सगळे "एनसी" म्हणतात. एनसी म्हणजे एफआयआर (दखलपात्र गुन्ह्याचा प्रथम खबर अहवाल) नव्हे. हातात एनसीची पावती घेऊन "माझा गुन्हा दाखल झाला" असं समजणारे बरेच लोक पुढचे सहा महिने चुकीचा कागद मागत राहतात. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू असेल तर आकस्मिक मृत्यू म्हणून वेगळा नंबर पडतो, त्याला ए.डी. किंवा अ.मृ. क्रमांक म्हणतात.

तुम्ही साध्या कागदावर दिलेला तक्रार अर्ज यातल्या कशातच मोडत नाही. तो बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर जातो आणि त्याला आवक क्रमांक पडतो. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढची सगळी कामं त्या एका नंबरावर चालतात. अर्ज घ्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा.

ठाणे दैनंदिनी (स्टेशन डायरी) ठाणे अंमलदाराकडे असते. ठाण्यात काय घडलं, कोण आलं, कोणाला कुठे पाठवलं, याच्या वेळेसह नोंदी त्यात होतात. केस डायरी वेगळी. ती तपास अधिकाऱ्याची त्या एका गुन्ह्याची रोजनिशी असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, पुढे नुसतं "संहिता") कलम १९२ प्रमाणे ती आरोपीलासुद्धा सहसा बघायला मिळत नाही. माहिती अधिकारात "डायरीची प्रत" एवढंच लिहिलं तर अधिकारी ती केस डायरी समजून नाकारतो. म्हणून "ठाणे दैनंदिनी, दिनांक अमुक, सकाळी १० ते दुपारी २ मधील नोंदी" असं लिहा.

माहिती अधिकाराशिवाय मिळणारे कागद

एफआयआरची प्रत. फिर्यादीला किंवा पीडिताला ती लगेच आणि विनामूल्य द्यायची, असं संहितेचं कलम १७३(२) सांगतं. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी हीच तरतूद जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १५४(२) मध्ये होती, पण ती फक्त फिर्यादीसाठी होती. आता पीडितही आला, हे लक्षात ठेवा. सही करण्याआधी एफआयआर वाचा. प्रत घेतल्यावर घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, लावलेली कलमं आणि तुमचं म्हणणं पुन्हा तपासा.

तुम्ही फिर्यादी नाही, पण तुमचं नाव आरोपी म्हणून आल्याचा संशय आहे? मग सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा यूथ बार असोसिएशन प्रकरणातला निकाल तुमच्या कामाचा आहे. त्यानुसार आरोपीने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत रीतसर फी भरून अर्ज केल्यास पोलिसांनी २४ तासांत प्रमाणित प्रत द्यायची असते. एफआयआर न्यायालयाकडे गेलेला असेल तर न्यायालयातून दोन कामकाजाच्या दिवसांत ती मिळायला हवी. त्याच निकालाने एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक केलं. इंटरनेटची अडचण असेल तर ४८ तास आणि दुर्गम भागात ७२ तासांपर्यंत सवलत आहे.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर "प्रकाशित प्रथम खबर अहवाल" हा भाग आहे. जिल्हा किंवा आयुक्तालय, पोलीस ठाणं आणि तारखांची मर्यादा निवडून शोधायचं. तारखांचा टप्पा लहान ठेवा, नाहीतर यादीत हरवायला होतं. गुन्ह्याची तारीख टाकून शोधू नका, एफआयआर नोंदल्याची तारीख टाका. घटना मार्चमधली आणि नोंद जूनमधली असं सर्रास असतं. एवढं करूनही दिसत नसेल तर दोन शक्यता. एक, तो गुन्हा संवेदनशील म्हणून मुद्दाम टाकलेला नाही. लैंगिक अत्याचार, बालकांवरील लैंगिक गुन्हे, दहशतवाद, बंडखोरी असे गुन्हे त्या निकालातच वगळलेले आहेत. न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. दुसरी शक्यता, गुन्हा दुसऱ्याच ठाण्यात आहे. शून्य क्रमांकाने एका ठाण्यात नोंदून हद्दीच्या ठाण्यात वर्ग केला की त्याचा नंबर बदलतो. मुंबई आणि ठाणे शहरांत लोकल गाडीतल्या चोरीचा एफआयआर शहर पोलिसांकडे शोधत बसू नका, तो लोहमार्ग पोलिसांकडे असतो. रेल्वे सुरक्षा दल हे त्याहून वेगळं, केंद्राचं दल आहे. त्यांच्याकडे केंद्राच्या नियमांनी अर्ज करावा लागतो.

कोणाला पकडून नेलं आहे का, हे जाणून घेणं

इथे तीस दिवस थांबायला वेळ नसतो. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असतो. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप सांभाळणं ही त्याची जबाबदारी. ही माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात, डिजिटल स्वरूपातही, ठळकपणे लावायची असते. ठाण्यात जाऊन "कलम ३७ चे अधिकारी कोण?" असं नावाने विचारा. ठाण्यातून उत्तर मिळत नसेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा. अटकेची माहिती नातेवाईक किंवा मित्राला देणं (कलम ४८), साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा करणं (कलम ३६), आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं (कलम ५८), ही पोलिसांची कायदेशीर कर्तव्यं आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी हद्दीच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी एक माणूस उभा करा, तिथे हमखास कळतं.

माहिती अधिकाराच्या कलम ७(१) मध्ये जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे. असा अर्ज जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर बसू नका. माणूस कुठेच सापडत नसेल तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा (माणसाला न्यायालयासमोर हजर करा, अशा आदेशासाठीचा) अर्ज हाच मार्ग.

दोषारोपपत्र आणि समरी: इथे न्यायालय

दोषारोपपत्र (चार्जशीट) एफआयआरसारखं संकेतस्थळावर टाका, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात फेटाळली. ते साक्ष कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण आरोपीला, आणि वकिलामार्फत हजर असलेल्या पीडितालाही, संहितेच्या कलम २३० प्रमाणे पोलीस अहवाल, एफआयआर, जबाब वगैरे विनामूल्य मिळतात. मुदत आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांची. इतरांनी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. खटल्यात पक्षकार नसलेल्याला कारण द्यावं लागतं आणि परवानगी न्यायालय ठरवतं.

खटला कुठे आहे तेच माहीत नसेल तर ई-कोर्टच्या सेवा पोर्टलवर जिल्हा न्यायालय निवडा आणि "एफआयआर क्रमांक" या पर्यायाने शोधा. ठाणं, नंबर आणि वर्ष टाकलं की खटला क्रमांक आणि सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. हा सीएनआर लिहून ठेवा. न्यायालय बदललं की खटला क्रमांक बदलू शकतो, पण सीएनआरने माग काढता येतो.

समरी म्हणजे खटला न भरता तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल. गुन्हा उघडकीस न येता पोलिसांनी बंद केला तर तो अ-समरी, खोटा ठरवला तर ब-समरी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचा ठरवला तर क-समरी. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं, हे भगवंत सिंग प्रकरणातल्या १९८५ च्या निकालापासून ठरलेलं आहे. नोटीस आली की न्यायालयातून समरी अहवालाच्या पूर्ण संचाची नक्कल घ्या. पोलिसांनी कोणाचे जबाब घेतले आणि कोणाचे घेतलेच नाहीत, हे त्यातूनच कळतं. ते वाचल्याशिवाय लिहिलेला विरोध पोकळ राहतो.

तपास चालू असेपर्यंत फिर्यादीच्या हातात आणखी एक चांगलं हत्यार आहे. संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, मोबाइलवरून कळवली तरी चालते. ९१व्या दिवशी तपास अधिकाऱ्याला एक साधं पत्र द्या: "कलम १९३(३)(दोन) नुसार प्रगती कळवली नाही, कृपया लेखी कळवा." याला ना फी लागते ना ठरावीक नमुना.

अपघाताचे कागद

वाहन अपघातात घरच्यांना सगळ्यात जास्त पळापळ करावी लागते, आणि इथेच नियम सगळ्यात स्पष्ट आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने तीन अहवाल करायचे असतात: पहिला ४८ तासांत नमुना १ मध्ये, अंतरिम अहवाल ५० दिवसांत नमुना ५ मध्ये आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत नमुना ७ मध्ये. दुसऱ्या गाडीचा नंबर, चालकाचा परवाना, विम्याची पॉलिसी, सगळं यात येतं. विमा दाव्यासाठी "कागदपत्रं द्या" असं न म्हणता नमुन्याचा क्रमांक सांगून मागा. मोटार वाहन कायद्याचं कलम १६० दावेदाराला गाडीची आणि मालकाची माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक करतं. घटनास्थळ पंचनामा, गाडीचा तपासणी अहवाल आणि मृत्यू झाला असल्यास इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा व शवविच्छेदन अहवाल हे त्याच वेळी मागून घ्या. तपास अधिकाऱ्याची बदली झाली की कागद शोधायला दुप्पट वेळ लागतो.

आता माहिती अधिकार

तक्रार अर्जावरची कार्यवाही, ठाणे दैनंदिनीच्या नोंदी, बंदोबस्ताचे आदेश, परवानग्या, एखाद्या ठाण्यात वर्षभरात नोंदलेल्या गुन्ह्यांचे आकडे, मंजूर आणि रिक्त पदं, स्वतःच्या चारित्र्य पडताळणीत काय शेरा लिहिला, अशा गोष्टींसाठी माहिती अधिकार हीच खरी वाट.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र "अ" च्या नमुन्यात करतात. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. स्टॅम्पवर रेघ मारू नका, तो रद्द करणं हे कार्यालयाचं काम. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. तरीही तो मनावर घ्या, कारण दोन विषय एकत्र केलेला अर्ज परत पाठवायला यासारखं सोपं निमित्त नाही. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मात्र यादीत तुम्हाला हवं ते नेमकं पोलीस कार्यालय दिसत असेल तरच तिथून करा.

पत्ता: "जन माहिती अधिकारी, अमुक पोलीस ठाणे". जन माहिती अधिकारी कुठे ठाण्याचे निरीक्षक असतात, कुठे विभागाचे सहायक आयुक्त किंवा उपविभागीय अधिकारी. ठाण्यातल्या फलकावर नाव आणि हुद्दा लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं विचारायलाच मनाई करतं.

तक्रार देऊन तीन महिने झाले, काहीच कळत नाही, अशा वेळी अर्जातला मजकूर असा लिहावा:

"माहितीचा विषय: माझ्या तक्रार अर्जावरील कार्यवाही (आवक क्र. ____, दि. ____).
कालावधी: दि. ____ पासून आजपर्यंत.
वर्णन: (१) सदर अर्जाची नोंद असलेल्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत. (२) अर्ज चौकशीसाठी ज्या अधिकाऱ्याकडे दिला त्यांचे नाव, हुद्दा व दिल्याची तारीख दर्शवणारी नोंद. (३) चौकशीत घेतलेले जबाब, चौकशी अहवाल व त्यावरील वरिष्ठांचे शेरे यांच्या प्रती. (४) अर्ज निकाली काढला किंवा दप्तरी दाखल केला असल्यास त्या आदेशाची प्रत. (५) वरील कागदपत्रांचे प्रत्यक्ष अवलोकन करण्यास मिळावे. एखादा भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित भाग द्यावा."

यात "का" हा शब्द एकदाही नाही, हे बघा. "माझा एफआयआर का नोंदला नाही?" असं लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं: "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही." आणि ते उत्तर टिकतं, कारण हा कायदा आधीपासून कागदावर असलेली माहिती देतो, अधिकाऱ्याला नवं स्पष्टीकरण लिहायला लावत नाही. पण तुमच्या "का"चं उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यात मिळतं. चौकशी अधिकाऱ्याने फाइलवर जे कारण लिहिलं असेल त्याची प्रतच हाती येते. कारणच लिहिलेलं नसेल तर तो कोरेपणाही तुमच्या कामाचा. पुढे अधीक्षकांकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे जाताना तोच जोडता येतो.

अवलोकनाचा पाचवा मुद्दा कधीही वगळू नका. फाइल प्रत्यक्ष चाळताना ज्या कागदाचं नावही ठाऊक नव्हतं तो दिसतो. पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. झेरॉक्स पानाला २ रुपये. जाताना वही-पेन न्या, पानांचे क्रमांक टिपा, एखादा क्रमांक मधूनच गायब असेल तर तोही टिपा. बाहेर पडण्याआधी "आज अमुक पानं पाहिली, अमुक पानांच्या प्रती हव्यात" असं लिहून पोच घ्या.

मुदत ३० दिवसांची. प्रतींची फी भरा असं पत्र आलं की पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. म्हणून पत्र आल्याच्या दिवशीच भरा. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती विनामूल्य द्यावी लागते (कलम ७(६)). तरीही फी मागितली तर या कलमाचा उल्लेख करून लेखी नकार द्या.

नकार आला तर तो नीट वाचा

पोलिसांकडून येणारे नकार मुख्यतः दोन कलमांचे असतात आणि त्यांची अक्षरं फार घोटाळ्यात पाडतात. कायद्याच्या मराठी प्रतीत तपासाचं कलम ८(१)(ज) आहे, इंग्रजी प्रतीत त्याला "एच" म्हणतात. व्यक्तिगत माहितीचं कलम मराठीत ८(१)(ञ), इंग्रजीत "जे". त्यामुळे उत्तरात "८(१)(जे)" लिहिलं असेल तर ते व्यक्तिगत माहितीचं आणि "८(१)(ज)" लिहिलं असेल तर तपासाचं. एका मात्रेने कलम बदलतं. चुकीच्या कलमाविरुद्ध युक्तिवाद लिहिलेलं अपील वाया जातं, म्हणून उत्तरातलं पूर्ण वाक्य वाचा.

तपासाचं कलम असं आहे: जी माहिती उघड केल्याने तपासात, अटकेत किंवा खटल्यात अडथळा येईल ती नाकारता येते. "तपास सुरू आहे" एवढं पुरेसं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की तपास चालू असणं हे एकटं कारण होऊ शकत नाही, अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं. कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार जन माहिती अधिकाऱ्यावरच असतो. अपिलात ही दोन्ही वाक्यं लिहा आणि पुढे आपल्या कागदाबद्दल एक ओळ घाला, उदाहरणार्थ: "आवक नोंदवहीचे पान दिल्याने तपासात कोणता अडथळा येतो हे उत्तरात नमूद नाही." पण इथे प्रामाणिक राहायला हवं. चालू तपासातले साक्षीदारांचे जबाब, खबऱ्यांची माहिती, पुढच्या अटकेचा आराखडा यांना नकार मिळाला तर तो रास्त असतो. कलम ८(१)(छ) साक्षीदाराच्या आणि खबऱ्याच्या जीवाच्या रक्षणासाठीच आहे, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. असे तुकडे मागण्यात गुंतलेला अर्ज बाकीच्या देता येण्याजोग्या कागदांनाही बुडवतो.

व्यक्तिगत माहितीचं कलम आता पूर्वीपेक्षा कठोर झालं आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी त्या कलमातच "व्यापक जनहित" आणि "विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही" अशी दारं होती, ती काढली गेली. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पोलिसांच्या कामाची तपासणी करणाऱ्या सामान्य माणसाचा आधार त्यामुळे पातळ झाला आहे. तरी कलम ८(२) शाबूत आहे: माहिती उघड करण्यातलं जनहित हानीपेक्षा जास्त असेल तर सूट असूनही ती देता येते. म्हणून व्यक्तीशी जोडलेली माहिती मागताना जनहित काय हे अर्जातच दोन ओळींत लिहा. एखाद्या अधिकाऱ्याविरुद्धच्या विभागीय चौकशीची फाइल बहुधा नाकारली जाते, २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून हे असंच चालत आलं आहे. त्याऐवजी "अमुक ठाण्यात पाच वर्षांत किती विभागीय चौकशा सुरू झाल्या, किती पूर्ण झाल्या, किती जणांना शिक्षा झाली" असे आकडे मागा. त्यात कोणाचंही नाव नसतं, त्यामुळे नाकारायला आधार राहत नाही.

तिसरा नकार: "अभिलेख उपलब्ध नाही" किंवा "नष्ट केला". यावर वाद घालू नका, नवा अर्ज द्या. अभिलेख नष्ट केल्याच्या आदेशाची आणि नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रत मागा. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा असा मनमानी नाश करू देत नाही. पुष्कळदा हा दुसरा अर्ज गेला की "गहाळ" फाइल सापडते.

राज्य सरकारने कलम २४(४) खाली अधिसूचना काढून गुप्तवार्तेच्या आणि सुरक्षेच्या काही यंत्रणांना कायद्यातून वगळता येतं. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांशी संबंधित माहितीला ही सूट लागू होत नाही. असा मुद्दा असेल तर अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

सीसीटीव्ही: घाई करायची ती इथे

ठाण्यात मारहाण झाली, तक्रार घ्यायला नकार दिला, तासन्‌तास बसवून ठेवलं, अशा वेळी चित्रण हाच पुरावा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष तरी, जपण्याचे आदेश दिले. तरी ते तेवढा काळ तिथे असेलच असं धरून चालू नका. यंत्र बंद असतं, साठवण भरली की जुन्यावर नवं चढतं. दोन-तीन दिवसांतच दोन कागद द्या. पहिला, ठाण्याच्या प्रमुखाला आणि अधीक्षक किंवा उपायुक्तांना साधं पत्र: "दि. ____ रोजी सायं. ६.१० ते ८.४५ या वेळेतील प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष व लॉकअपसमोरील कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे." दुसरा, त्याच चित्रणाच्या प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, सोबत कॅमेरा बंद असल्यास बिघाडाची नोंद आणि दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार. प्रत नाकारली गेली तरी जतन करण्याचं पत्र पोचल्याचा पुरावा हातात राहतो. न्यायालयात किंवा मानवी हक्क आयोगापुढे "चित्रण उपलब्ध नाही" हे उत्तर मग तितकं सहज देता येत नाही.

अपील

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील: जोडपत्र "ब", २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नकाराच्या पत्रातच अपिलीय अधिकाऱ्याचा हुद्दा आणि मुदत लिहिणं कलम ७(८) ने सक्तीचं आहे. ते नसेल तर तोही अपिलातला एक मुद्दा. अपिलात रागाचा मजकूर नको. मूळ अर्जातले मुद्दे क्रमाने घ्या आणि प्रत्येकापुढे "मिळाले", "अपुरे मिळाले, अमुक पान नाही" किंवा "नाकारले, कलम चुकीचे" असं लिहा. सुनावणीला बोलावलं तर जा. तिथे बऱ्याचदा समोरासमोर फाइल उघडली जाते आणि काम तिथेच होतं. निकाल ३० दिवसांत, कारण देऊन जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवा.

त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील, जोडपत्र "क", पुन्हा २० रुपये. आयोगाची खंडपीठं बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावती इथे आहेत, ठाणं ज्या विभागात त्या खंडपीठाकडे अपील जातं. माहिती द्यायला विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो त्याच्या खिशातून जातो, म्हणून दंडाची मागणी अपिलात स्पष्ट लिहा. आयोगाकडे नंबर लागायला बराच काळ जातो. तोवर मूळ अर्ज, त्यावरची पोच, पोस्टाच्या पावत्या, उत्तरं, प्रथम अपील आणि त्याचा निकाल तारखेच्या क्रमाने पानांना नंबर देऊन एका फाइलमध्ये लावा, आणि पहिल्या पानावर तारखांची यादी ठेवा. सुनावणीत तुम्हाला पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात कागद शोधत बसायला वेळ नसतो.